विंचवाचे विष आणि प्रथिनांची घडण

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर व वेल्हे हे दोन डोंगरी तालुके सह्याद्रीच्या कण्याला टेकून बसले आहेत. राजगड व तोरणा हे किल्ले, नीरा, वेळवंडी व गुंजवणी या नद्या, आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे ही या मुलखाची ओळख होय. दगडमातीच्या भिंती, अंगणात सरपणाचा ढीग, परसात रचलेल्या शेणी आणि भात झोडून झाल्यावर उभी राहिलेली पेंढ्याची गंज, असा येथील घरांचा जुना थाट. या साऱ्या आडोशांत मनुष्याच्या आधीपासून वस्ती करून राहिलेला एक शेजारी आहे, तो म्हणजे विंचू. पृथ्वीवर विंचवाचे कूळ सुमारे ४३ कोटी वर्षांपासून नांदत आहे. त्या मानाने सह्याद्रीचा काळा पाषाणदेखील अलीकडचाच म्हटला पाहिजे.

मराठी माणसाला हा शेजारी पुरता ठाऊक आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने पिले पाठीवर घेऊन चालणारी विंचवी डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे. एकनाथांनी तर विंचवाच्या दंशावर भारूड रचून कामक्रोधाचा दाह लोकांना समजावून दिला. परंतु सगळे विंचू सारखे नसतात. काळा, थोराड, रुंद चिमट्यांचा विंचू दिसावयास भयंकर. त्याच्या दंशाने वेदना होतात, पण जिवाला धोका बहुधा नसतो. लहान, तांबूस अंगाचा, सडपातळ चिमट्यांचा लाल विंचू मात्र निराळा. ज्याचे चिमटे दुबळे, त्याला भक्ष्य लोळविण्यासाठी विषावरच भिस्त ठेवावी लागते, असा विंचूकुळातील ढोबळ नियम आहे. कोकणात आणि घाटावर लहान मुलांचे प्राण घेणारा विंचू तो हाच.

दंश झाला की मांत्रिकाकडे जावयाचे, ही रीत गावोगाव होती. मंत्राने विंचू ‘उतरतो’ हा विश्वास इतका दृढ का झाला, याचे कारण शोधणे कठीण नाही. पुष्कळ दंश काळ्या विंचवाचे असत. लाल विंचवाच्या दंशातही अंगात गेलेले विष थोडे असले किंवा रोगी धडधाकट प्रौढ असला, तर काही तासांत वेदना आपोआप ओसरत. त्याचे श्रेय मंत्राला मिळे. ज्या मुलाच्या अंगात विष पुरेपूर उतरले, ते दुसऱ्या दिवशी दगावले तर दोष दैवाला जाई. या हिशेबात मृत्यूचे खरे कारण कोणी तपासावे, असा प्रश्नच उठत नसे.

तो प्रश्न घाटाखाली उठला. भोरहून पश्चिमेस जाणारा रस्ता वरंधा घाट उतरून कोकणात शिरतो आणि महाडकडे वळतो. या वाटेवर बिरवाडी हे गाव आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉक्टर हिंमतराव बावसकर हे तरुण वैद्य रुजू झाले. तत्पूर्वी १९६१ साली डॉक्टर मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते, अशी नोंद केली होती. परंतु हे पाणी का भरते आणि ते थांबवावे कसे, याचे उत्तर वैद्यकाच्या पाठ्यग्रंथांत नव्हते. गुंगीची, वेदनाशामक अशी औषधे दिली जात, आणि मुले दगावतच. पश्चिम महाराष्ट्रातील त्या काळच्या नोंदींप्रमाणे ज्यांच्या फुप्फुसांत पाणी भरे, अशा शंभर रोग्यांपैकी पंचवीस ते तीस जण वाचत नसत.

बावसकरांपाशी मोठी उपकरणे नव्हती. रोग्याच्या उशाशी रात्रभर बसावयाचे, नाडी व रक्तदाब मोजावयाचा, आणि जे दिसेल ते वेळेसह टिपून ठेवावयाचे, एवढेच साधन. या टिपणांतून एक क्रम उलगडू लागला. प्रथम वांती, मग सर्वांगाला दरदरून घाम, हातपाय थंडगार, आणि रक्तदाब चढलेला. त्यानंतर हृदय थकू लागे, श्वास लागे, खोकल्यातून गुलाबी फेस येई आणि रक्तदाब कोसळे. म्हणजे मृत्यू अकस्मात येत नव्हता. आधी वर्दी देऊन येत होता. ही वर्दी देणारी लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली.

आता खरे कोडे पुढे आले. विंचवाने टोचलेले विष एका थेंबाहूनही कमी. ते पायाच्या अंगठ्यात शिरते आणि काही तासांत हृदय व फुप्फुसे डळमळतात. एवढ्याशा द्रव्याला एवढे सामर्थ्य कोठून येते? याचे उत्तर विषाच्या प्रमाणात नसून त्याच्या घडणीत आहे. आणि ती घडण प्रथिनाची आहे.

प्रथिनांचा शोध हा गेल्या दोन शतकांचा इतिहास आहे. हॉलंडमधील रसायनशास्त्रज्ञ गेरार्डस मुल्डर यांनी १८३८ साली अंड्याचा बलक, रक्त, दूध यांतील नत्रयुक्त द्रव्यांचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि त्यांना ‘प्रोटीन’ हे नाव दिले. ते नाव सुचविले स्वीडनच्या बर्झेलियस यांनी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’. मराठीतील ‘प्रथिन’ या शब्दाचेही ध्वनीने व अर्थाने त्याच्याशी नाते आहे. ही द्रव्ये अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत, असे १९०२ साली एमिल फिशर व फ्रान्झ हॉफमाइस्टर या दोघांनी स्वतंत्रपणे प्रतिपादन केले. अमिनो आम्लांचे मुख्य प्रकार अवघे वीस. जशी थोडक्या अक्षरांतून सारी भाषा निर्माण होते, तशी या विसांच्या निरनिराळ्या क्रमातून लक्षावधी प्रथिने निर्माण होतात. हा क्रम संपूर्णपणे वाचण्याचा पहिला मान केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांचा. इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांची ओळ त्यांनी १९५५ पर्यंत लावून दाखविली.

परंतु ओळ वाचली म्हणजे काम समजले, असे होत नाही. पागोट्याचे कापड लांबच लांब पसरले तर ते नुसते कापड. विशिष्ट पीळ व विशिष्ट वळसे दिले म्हणजेच ते डोक्यावर बसते. प्रथिनाची साखळीही अशीच स्वतःभोवती वळते, दुमडते, आणि तिला एक ठराविक आकार येतो. कोठे ती मळसूत्रासारखी वळते, कोठे शेजारी शेजारी पट्ट्या अंथराव्या तशी पसरते. १९५८ साली जॉन केंड्र्यू यांनी स्नायूंतील मायोग्लोबिनचा असा आकार क्ष-किरणांच्या साह्याने प्रथम दाखविला. त्यांचे सहकारी मॅक्स पेरुट्झ यांनी रक्तातील हिमोग्लोबिनचा उलगडा केला. साखळीला कोणते वळसे शक्य आहेत व कोणते अशक्य, याचा नकाशा १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी काढला, तो आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील क्रिश्चन अन्फिन्सेन यांनी तर असे सिद्ध केले की, हे पागोटे बांधण्यास बाहेरचा कोणी लागत नाही. कसे वळावे, हे अमिनो आम्लांच्या क्रमातच लिहिलेले असते.

आकारावर सारे काम अवलंबून असते. हिमोग्लोबिनच्या घडीत प्राणवायूसाठी जागा असते, म्हणून ते तो वाहून नेते. मायोसिन व अॅक्टिन हे धागे एकमेकांवरून सरकतात, म्हणून स्नायू आखडतो. अन्न पचविणारी पाचकद्रव्ये व त्यांचे भक्ष्य यांचा संबंध कुलूपकिल्लीसारखा असतो, ही उपमा फिशर यांनी १८९४ सालीच दिली होती. अंडे उकडले म्हणजे बलक घट्ट होतो, त्याचे कारणही हेच. उष्णतेने घड्या उसवतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि आकार गेला की कामही जाते. काही प्रथिनांत मात्र साखळीचे दूरचे भाग गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना शिवलेले असतात. असे टाके जेथे दाट असतात, तेथे घडी सहजासहजी उसवत नाही. विंचवाच्या विषातील प्रथिने याच जातीची. लहान आकाराची, परंतु टाके घालून पक्की केलेली.

ती जेथे जाऊन बसतात, ती स्थानेही प्रथिनांचीच आहेत. अॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ साली माखल्याच्या जातीतील एका समुद्रप्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून दाखविले की, संदेश जातो त्या क्षणी तंतूच्या आवरणातून सोडियमचे कण आत घुसतात आणि पाठोपाठ पोटॅशियमचे कण बाहेर पडतात. या कणांसाठी आवरणात दारे असली पाहिजेत. त्यांपैकी सोडियमच्या दाराची अमिनो आम्लांची संपूर्ण ओळ १९८४ साली जपानात शोसाकू नुमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत्‌माशापासून मिळविली. ती १८२० अमिनो आम्लांची निघाली. त्याआधी हे दार हुडकून काढण्यासाठी अमेरिकेत विल्यम कॅटरॉल यांनी खुणेचे साधन म्हणून कशाचा उपयोग केला असेल, तर विंचवाच्याच विषाचा. शेतकऱ्याला जे शत्रू वाटते, ते संशोधकाला दिव्याप्रमाणे उपयोगी पडले.

सोडियमचे हे दार निमिषमात्र उघडते आणि लागलीच मिटते. त्यामुळे संदेश एकदाच जातो व तंतू पुन्हा शांत होतो. विंचवाच्या विषातील साठसत्तर अमिनो आम्लांचे प्रथिन या दाराला बाहेरून असे चिकटते की, दार मिटूच नये. फळीच्या फटीत पाचर बसावी तसा हा प्रकार. तंतू मग थांबत नाही. संदेशामागून संदेश सुटत राहतात. आतड्यांचे, घामाच्या ग्रंथींचे, हृदयाचे नियमन करणारे जे मज्जातंतू, ते सगळे एकाच वेळी खवळतात. वांती आणि घाम हा त्याचाच परिणाम. त्यानंतर अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन या उत्तेजक द्रव्यांचा रक्तात पूर येतो. साऱ्या अंगातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय थंड पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदय थकते, रक्त फुप्फुसांत तुंबते, आणि तेथे पाणी भरते. बिरवाडीच्या रात्रीच्या टिपणांतील क्रम आणि प्रयोगशाळेतील रेणूंचा क्रम असा एकमेकांशी जुळला.

आजाराचे मूळ आवळलेल्या वाहिन्यांत आहे, हे ध्यानात आल्यावर उपचाराची दिशा बदलली. विषाशी थेट झुंजण्याचे साधन हाताशी नसेल, तर निदान हृदयावरचे ओझे उतरवावे, हा विचार पुढे आला. वाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड बावसकरांनी वापरून पाहिले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते; आडगावच्या दवाखान्यात ते साधणार कसे? तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाकडे गेले. नॉरअॅड्रेनॅलिन ज्या ग्राहक प्रथिनावर बसून वाहिन्या आवळते, त्याच ग्राहकाची जागा प्राझोसिन आधी जाऊन अडविते. पूर तसाच असतो, पण त्याला शिरावयास वाट उरत नाही. औषध पोटात घेण्याच्या गोळीच्या रूपात मिळणारे, स्वस्त, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येण्याजोगे. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावसकर यांनी त्याचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हा उपचार रूढ झाला, तसतसे मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि पुढे शेकडा एकाच्या आसपास आले. या कार्याबद्दल हिंमतराव बावसकरांना २०२२ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला.

याच सुमारास लाल विंचवाचे विष सातासमुद्रापलीकडे एका निराळ्याच कारणासाठी तपासले जात होते. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी त्यातून ३७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन वेगळे काढले आणि त्याला ‘आयबेरिओटॉक्सिन’ असे नाव दिले. लवकरच त्याची घडणही कळली. एका बाजूस आखूड मळसूत्र, दुसऱ्या बाजूस पट्ट्यांची अंथरी, आणि दोहोंना जखडणारे गंधकाचे तीन टाके. हे प्रथिन पोटॅशियमच्या एका विशिष्ट दाराच्या तोंडावर बसते, ते असे की खाचराच्या बांधाच्या मोरीत बोळा कोंबावा. इतर दारांना ते सहसा धक्का लावीत नाही. या चोखंदळपणामुळे त्याला प्रयोगशाळांत मोठा मान मिळाला. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल कसे होतात, यात या दाराचा वाटा किती, हे जगातील संशोधक सह्याद्रीतही आढळणाऱ्या या विंचवाच्या प्रथिनाने दार बंद करूनच ठरवितात. विंचवाला अर्थात यातले काहीच अभिप्रेत नाही. त्याचे विष किडामुंगीला लोळविण्यासाठी घडलेले आहे. मनुष्याला मारण्यात त्याचा काडीचाही लाभ नाही. परंतु मज्जातंतूंची दारे किड्यांत व मनुष्यात एकाच वंशाची असल्यामुळे एकासाठी घडलेली पाचर दुसऱ्यालाही बसते.

विषाला उतारा म्हणून जे प्रतिविष देतात, तेही प्रथिनच आहे. एमिल फॉन बेहरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० साली असे दाखविले की, विष टोचून सराविलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करू शकते. आल्बेर काल्मेट यांनी १८९५ मध्ये हेच तत्त्व सर्पविषाला लावले. मुंबईस परळला वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा १८९९ पासून होती; १९२५ साली तिला त्यांचेच नाव देण्यात आले. घोड्यांच्या रक्तजलापासून प्रतिविषे करण्याची विद्या तेथे रुजली, आणि पुढे त्याच परंपरेत लाल विंचवावरील प्रतिविषही सिद्ध झाले. घोड्याला विषाची अल्प, चढती मात्रा देत गेले, म्हणजे त्याचे शरीर त्या विषाच्या आकाराला नेमकी बसणारी प्रतिपिंडे निर्माण करिते. प्रतिपिंड हे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन. त्याच्या दोन शेंड्यांवर विषाला कवटाळणाऱ्या खोबणी असतात. रोग्याला उपद्रव होऊ नये म्हणून त्याचा बुंधा पाचकद्रव्याने छाटून टाकितात आणि कवटाळणारा भाग तेवढा ठेवितात.

तरीही प्रतिविषाला एक मर्यादा आहे. रक्तात मोकळे फिरणारे विष ते धरू शकते. आधीच सुटलेला अॅड्रेनॅलिनचा पूर त्याला परतविता येत नाही. प्राझोसिनची गोष्ट नेमकी उलट. ते पुराची वाट अडविते, पण विष अंगात शिल्लकच राहते. मग दोन्ही एकत्र दिली तर? महाड येथे सत्तर रोग्यांवर ही कसोटी घेण्यात आली आणि २०११ साली तिचा निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस जणांना प्राझोसिन व प्रतिविष ही दोन्ही, आणि पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन देण्यात आले होते. दहा तासांनी पहिल्या गटातील ३२ जण पूर्ण बरे झालेले आढळले, दुसऱ्या गटातील ८. पहिल्या गटाला बरे होण्यास सरासरी ८ तास लागले, दुसऱ्या गटाला सुमारे १८. ज्या नियतकालिकात पन्नास वर्षांपूर्वी मुंडले यांनी फुप्फुसांतील पाण्याची नोंद केली होती, त्याच नियतकालिकात आता ते पाणी रोखण्याची रीत आकड्यांनिशी नोंदली गेली.

या साऱ्या इतिहासात प्रथिनाने किती रूपे घेतली, ते पाहण्याजोगे आहे. विष प्रथिन, विष ज्या दारात अडकते ते दार प्रथिन, पूर ज्या ग्राहकावर येऊन आदळतो तो ग्राहक प्रथिन, आणि विषाला कवटाळणारे प्रतिविषही प्रथिन. अमिनो आम्ले त्याच विसांतील. क्रम निराळा, घडी निराळी, म्हणून एक मारक आणि दुसरे तारक. द्रव्यात चांगलेवाईट असे काही नसते. कोणता आकार कोठे जाऊन बसतो, एवढ्यावरच बरेवाईट ठरते.

भोर व वेल्ह्याच्या खेड्यांत पेंढ्याच्या गंजी अजूनही रचल्या जातात आणि सरपण अजूनही दगडी भिंतीशी लावले जाते. तेथे दंश झालाच, तर मुलाच्या अंगाला हात लावून पाहावा. दरदरून घाम, वांती आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर पाचर दारात बसली, असे समजावे आणि आरोग्य केंद्राची वाट धरावी. मांत्रिकाच्या उंबऱ्यावर गेलेला एक तास म्हणजे तेवढे विष प्रतिविषाच्या हातून निसटणे होय. मोकळे विष एकदा आपल्या जागी जाऊन बसले की, त्याला धरण्याची वेळ टळून जाते. जंबिया हातात घेतलेला शत्रू वेशीवर अडवावा लागतो, वाड्यात शिरल्यावर नव्हे, हे राजगड व तोरण्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.